ठाकुर्लीवरून गेलेलं काळं इंजिन

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ते शोधून काढल्याचा आव आणायला नको. भाजीवाल्याकडची भेंडी मी घरी येऊन पुन्हा तोलतो. डॉक्टरांनी गोळी बदलली की आधीची चुकीची होती का, असं त्यांना तोंडावर विचारतो. कुरिअरवाला आला तर पाकीट चारी बाजूंनी फिरवून बघतो आणि मगच सही करतो. बायको म्हणते, "तुम्ही आरशातसुद्धा हा कोण म्हणून बघता." तिचं हे जरा अतीच आहे, पण अगदी खोटं नाही.

निवृत्तीनंतर मी वर्तकनगरच्या आमच्या घरात रेल्वे बांधायला घेतली. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली, तेव्हा तिथे आठ बाय चारचं प्लायवूड आणून चार पायांवर उभं केलं. त्यावर खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान रूळ, खांब, सिग्नल आणि डबे. या प्रकाराला लेआउट म्हणतात. लोक बोगदे, डोंगर, बर्फ वगैरे करतात. मी ठाकुर्ली केली. डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधला एवढासा तुकडा, आणि तोही आजचा नाही, मी अकरा-बारा वर्षांचा होतो तेव्हाचा. पॉवर हाऊसच्या चिमण्या, रुळांकडेचं गवत, साचलेल्या पाण्याचं डबकं आणि आमची भिंत. वापरलेली चहापूड वाळवून तिची जमीन केली, वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं केली. घरात चहा जास्त व्हायला लागला आहे आणि त्याचं कारण जमीन आहे, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

भिंतीबद्दल सांगायला हवं. आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहायचो. दुपार कलली की आमच्या आळीतली पाच-सहा पोरं चालत ठाकुर्लीच्या बाजूला जायची आणि रुळांकडेच्या एका पडक्या भिंतीवर बसून इंजिनांचे नंबर टिपायची. लोकल आम्ही मोजत नसू. लोकलला वेगळं इंजिन नसतं, त्यामुळे आमच्या दरबारात तिला मान नव्हता. मेल, एक्स्प्रेस, मालगाडी आली की सगळे उठून उभे राहायचे, नंबर ओरडायचे आणि मी तो वहीत लिहायचो. वही माझ्याकडे होती, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि माझा कुणावर विश्वास नव्हता. नियमही मीच केला होता. नंबर दोघांनी पाहिला असेल तरच वहीत जाईल. एकट्याने पाहिलेलं इंजिन म्हणजे हवा.

दोघं म्हणजे बहुतेक वेळा मी आणि तो. तो म्हणजे माझा त्या वेळचा सगळ्यांत जवळचा मित्र. त्याची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण होती. धुरळ्यातून, उन्हातून, धडधडत जाणाऱ्या इंजिनावरचा आकडा तो माझ्याआधी वाचायचा आणि मग मला दिसेपर्यंत गप्प राहायचा. मला दिसला की दोघं एकदम ओरडायचो. हे तो मुद्दाम करतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

कल्याणच्या यार्डात त्या काळी एक जुनं कोळशाचं इंजिन डबे इकडचे तिकडे करायला वापरायचे. ते आता भंगारात जाणार, विजेच्या इंजिनामागे बांधून मुंबईकडे ओढून नेणार, अशी बातमी होती. नेणार म्हणजे ठाकुर्लीवरूनच नेणार. आम्ही सगळे त्या दिवसाची वाट बघत होतो. कधी, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

मला आदल्या संध्याकाळी कळलं. आमच्या शेजारचे एक काका यार्डात कामाला होते. ते म्हणाले, "उद्या दुपारी चाललंय ते. यायचं तर माझ्याबरोबर चल, जवळून दाखवतो. पण एकटाच ये, वरात आणू नकोस." मी मित्राकडे गेलो आणि त्याला सांगितलं, "अंगात कसकस आहे, उद्या मी काही येत नाही." त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं. "आतून आहे ताप," मी म्हणालो, आणि त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या यार्डात मी ते इंजिन हात लावून पाहिलं. ते गार होतं. इंजिन गार असू शकतं ही कल्पनाच मला नव्हती. नंबर तोंडपाठ केला, काकांनी दिलेली भजी खाल्ली आणि ते इंजिन मुंबईकडे ओढून नेल्यावर मी घरी आलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर गेलो तर तो सगळ्यांना सांगत होता, "काल दुपारी आपलं काळं इंजिन ठाकुर्लीवरून गेलं. मी बघितलं." आणि त्याने नंबर सांगितला. नंबर बरोबर होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण वही माझ्याकडे होती.

"बरोबर कोण होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. भर दुपारी कोण येणार? तू आजारी होतास."

"मग वहीत येणार नाही."

इथवर नियमाप्रमाणे झालं. इथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला धास्ती वाटली, की आता इंजिनाबद्दल बोलणं वाढेल, कुणीतरी शेजारच्या काकांना विचारेल आणि काका सांगतील की हा तर माझ्याबरोबर होता. शिवाय जे बघायला मी खोटं बोलून गेलो, ते त्याला भिंतीवर बसल्याबसल्या दिसलं, याचा रागही आला. मी म्हणालो, "इंजिन गेलेलंच नाही. थाप मारतोय हा."

पोरांना तेवढंच हवं होतं. त्या दिवसापासून तो थापाड्या झाला. भिंतीवर झाला, मग आळीत झाला आणि शाळा सुरू झाल्यावर वर्गातही झाला. तो भांडला नाही. काही दिवस भिंतीच्या टोकाला एकटा बसला, मग यायचा बंद झाला आणि वर्षभरात त्याच्या घरचे विठ्ठलवाडीला राहायला गेले. मी त्याला एकदाही सांगितलं नाही की तू खरा होतास. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी विसरलो, ही विसरलो नाही. मला तिची लाज वाटते, अजूनही.

तर लेआउटचे फोटो मी रेल्वेवेड्यांच्या एका ग्रुपवर टाकले आणि आठवड्याभरात अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "भिंत अजून दोन फूट डावीकडे घे. ओळखलंस का?"

अशा मेसेजनंतर पुढचा मेसेज ओटीपी मागतो, हे मला ठाऊक आहे. मी परीक्षा घेतली. विचारलं, "भिंतीमागे कसलं झाड होतं?" लगेच उत्तर आलं, "झाड नव्हतं. फुटकी टाकी होती पाण्याची. तू तिच्यात पडलेलास." मी फोन टेबलावर उलटा ठेवला आणि दोन ग्लास पाणी प्यालो.

पुढच्या रविवारी सकाळी तो आला. केस गेलेले, जाड चष्मा, हातात चिवड्याचं पुडकं. दारात उभा राहून हसला आणि थेट लेआउटकडे गेला. तासभर वाकून बघत होता. मग म्हणाला, "खोली मोठी आहे रे. किती बाय किती?"

मी कान टवकारले. आमच्या वसाहतीचं रिडेव्हलपमेंट अडलं होतं आणि अडवणाऱ्यांत मी होतो, कारण संमतीपत्रावर मी सही केली नव्हती. कमिटीने आधी माझ्याकडे व्यायामशाळेतले ओळखीचे पाठवले होते, मग बायकोच्या भजनी मंडळातल्या एक बाई. आता बालमित्र पाठवला, असं मी मनात म्हटलं. वर त्याने विचारलंच, "बिल्डिंग पाडणार आहेत म्हणे तुमची? मग हे कसं हलवणार? दारातून तर निघणार नाही."

खरी गोष्ट अशी, की दारातून निघणार नाही हे तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी ते खोलीच्या आत बांधत गेलो होतो. पण तो मोजमाप घ्यायला आलाय, एवढंच मी त्यातून घेतलं.

पुढच्या रविवारी मी सापळा लावला. संमतीपत्र मुद्दाम टेबलावर उघडं ठेवलं आणि चहाच्या निमित्ताने आत जाऊन दाराच्या फटीतून बघत राहिलो. त्याने चष्मा वर केला, कागद उचलला, उलटा करून बघितला आणि कोऱ्या बाजूवर गोंदाची बाटली ठेवून सिग्नलचा खांब चिकटवायला घेतला. जाताना कागदावर गोंदाचं वर्तुळ होतं. बायको म्हणाली, "किती सरळ माणूस आहे हो." मला तेच संशयास्पद वाटलं.

रिडेव्हलपमेंटचा संशय असा फिटला, आणि त्याच्या जागी खरा संशय आला. तो मी इतके दिवस मनाच्या मागच्या खोलीत ठेवला होता. याला माहीत आहे. मी त्या दिवशी कल्याणला होतो, हे याला कुठून तरी कळलंय, आणि हा दर रविवारी विठ्ठलवाडीहून येतो तो माझ्या तोंडून वदवून घ्यायला.

पुरावे होते. एक म्हणजे तो वहीबद्दल विचारायचा. "वही आहे का रे अजून?" मी म्हणालो, "वाळवी लागली." वही कपाटात साड्यांखाली सुखरूप होती. दुसरं म्हणजे तो सारखा माझ्या तापाची आठवण काढायचा. गवत चिकटवता चिकटवता मध्येच म्हणायचा, "तू लहानपणी फार तापाने पडायचास ना?" मी लहानपणी घोड्यासारखा होतो. एकदाच पडलो होतो तापाने, आणि तोही आतून. हे तो हसत विचारायचा आणि मी चिमट्यात धरलेला डबा खाली पाडायचो.

तिसरा पुरावा त्याहून वाईट होता. त्याने बोटाएवढी दोन मुलं बनवून आणली आणि भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवली. एक मुलगा रुळांकडे बघत होता आणि दुसरा पहिल्याकडे बघत होता. "हा कोण?" मी दुसऱ्याकडे बोट दाखवून विचारलं. "मी," तो म्हणाला. हा मला काय सुचवतोय, या विचाराने माझा सोमवार गेला, मंगळवार गेला.

सांगून टाकावं, असं अनेकदा ओठांवर आलं. पण सांगितलं तर तो उठून जाईल, आणि या वेळी गेला तर परत येणार नाही, हे मला कळत होतं. आमच्या वयात मित्र नव्याने मिळत नाहीत. दर रविवारी नऊ वाजता बेल वाजली की मला भीती वाटायची, आणि सव्वानऊ झाले तरी वाजली नाही की त्याहून जास्त वाटायची. बायकोने एकदा विचारलं, "तो आला की तुम्ही घाबरल्यासारखे का होता?" मी म्हणालो, "ॲसिडिटी."

शेवटी मी एक पळवाट काढली. ते काळं इंजिन बनवायचं ठरवलं. लेआउट ठाकुर्लीचा होता, त्या दिवसांचा होता, आणि त्यावर ते इंजिन नव्हतं म्हणजे मी पुन्हा एकदा तेच खोटं बोलत होतो, या वेळी प्लायवूडवर. पुठ्ठा, पेनची नळी, जुन्या खेळण्याची चाकं. आठवड्यातल्या दुपारी बनवायचो आणि शनिवारी चपलांच्या खोक्यात ठेवून द्यायचो. पूर्ण झालं की त्याच्यासमोर रुळांवर ठेवायचं. बोलायचं काहीच नाही. त्याने बघायचं, त्याला कळेल की मी त्याला खरा मानलं, आणि मी तिथे होतो हे मात्र कळणार नाही. माफी मागायची पण कशासाठी ते सांगायचं नाही, अशी ती सोय होती.

एका रविवारी तो साडेआठलाच आला. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर तो खोलीत उभा होता, खोकं उघडं होतं आणि इंजिन त्याच्या तळहातावर. चष्म्याजवळ नेऊन तो ते फिरवून फिरवून बघत होता.

"हे तेच ना?"

"हो."

"नंबरपण बरोबर टाकलायस." मग त्याने ते आडवं करून चाकं बघितली. "पण याचे दांडे कुठायत? चाकांना जोडणारे?"

कोळशाच्या इंजिनाची चाकं बाहेरून लोखंडी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. इंजिन बंद करून लांब ओढून न्यायचं असलं की ते दांडे काढतात. त्या दिवशी यार्डात काढलेले दांडे तारेने बांधून कोळशाच्या जागेत ठेवले होते. ते मी पाहिलं होतं, म्हणून माझ्या हातून इंजिन तसंच झालं. विचार करून केलं नव्हतं. त्याच क्षणी मला कळलं की मी सापडलो.

"ओढून नेताना काढतात," मी म्हणालो. "तू पाहिलंस ना, तेव्हा नव्हते की."

तो मुलाच्या जुन्या खुर्चीवर बसला. इंजिन हातातच होतं.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मी कुठे पाहिलं होतं?"

मला ऐकू आलं ते कळलंच नाही. मी टॉवेल खांद्यावर घेऊन तसाच उभा.

"तू खरं बोललेलास रे. थापच मारलेली मी. माझे मामा इंजिनांच्या शेडमध्ये कामाला होते ना, ते आदल्या रात्री जेवायला आलेले. उद्या दुपारी जाणार म्हणाले, नंबरपण त्यांनीच सांगितलेला. मी भिंतीपर्यंत गेलेलोसुद्धा. मग म्हटलं, तू तापाने घरी पडलायस आणि मी एकट्याने बघून काय करू? वहीत तर येणार नाही. म्हणून परत फिरलो. तुझ्या घरी येणार होतो बसायला, पण झोपला असशील म्हणून नाही आलो." तो हसला. "दुसऱ्या दिवशी मग फार वाईट वाटायला लागलं. गेलं ना ते, परत येणार नव्हतं. म्हणून ठोकून दिली. इतकी वर्षं तुला सांगायचं होतं. दर रविवारी येतो आणि तोंडच उघडत नाही. तुझा ताप काढतो, वही काढतो, आणि पुढे जीभ रेटत नाही."

मी पलंगावर बसलो. माझ्यासाठी तो परत फिरला होता. त्या दुपारी मी कल्याणला भजी खात होतो आणि हा भिंतीपासून मागे फिरून घरी चालत गेला होता.

"मी पाहिलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"इंजिन. त्या दिवशी. मला ताप नव्हता. शेजारचे काका मला यार्डात घेऊन गेले. एकट्यालाच नेतो म्हणाले, म्हणून तुझ्याशी खोटं बोललो. तू नंबर सांगितलास तेव्हा मला माहीत होतं की तो बरोबर आहे. तरी तुला थापाड्या केलं."

मी त्याच्या तोंडावर राग शोधत होतो. राग यायलाच हवा होता, आणि खरं सांगतो, मला तो हवा होता.

"गप रे," तो म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून काहीपण सांगशील आता."

"शप्पथ. दांडे तारेने बांधून कोळशात ठेवलेले होते. मी हात लावला, गार होतं."

"हे सगळं नेटवर मिळतं हल्ली. तू काय वाचल्याशिवाय इंजिन बनवणार आहेस?"

"अरे, मी तिथे होतो!"

"तू मला सोडून एकटा जाशील? तू?" त्याने मान हलवली. आतून बायको चहा घेऊन आली, तर तिलाच म्हणाला, "वहिनी, बघा हा. थाप मी मारलेली, आणि हा ती स्वतःवर घेतोय."

मी वही काढून आणली, साड्यांसकट. वाळवीबद्दलही खोटं बोललो होतो, हे त्याला दाखवलं. काकांचं नाव सांगितलं, भजी कसली होती ते सांगितलं. मी सगळ्या जगावर संशय घेत आलो, आणि त्या सकाळी एका माणसाने माझ्यावर संशय घ्यावा म्हणून तासभर घसा फोडला. त्याने तो घेतला नाही. वही मात्र मांडीवर घेऊन पानं उलटत बसला, आणि आम्ही दोघांनी पाहिलेले नंबर एकेक करून मोठ्याने वाचत राहिला.

पुढच्या रविवारी येताना त्याने पितळी तार आणली. म्हणाला, "रेल्वेत काढत असतील दांडे. आपल्याकडे मेलेलं इंजिन कशाला ठेवायचं?" तार तापवून, ठोकून, त्याने दोन बारीक दांडे केले. त्याचा हात आता थरथरतो, म्हणून चाकं मी धरली. दांडे नव्हते, मी पाहिलं होतं, असं पुन्हा म्हणायला मी तोंड उघडलं. तो डोळा बारीक करून दुसरा दांडा बसवत होता. मी चाक घट्ट धरलं आणि त्याला लावू दिला.